दोन्ही पायांत मेया-मेया

१६ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून प्रचाराला परवानगी. उजाडायच्या आत दाढी केली, पांढरा शर्ट चढवला आणि आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं, "गव्हर्नर जेस्वीनो बातिंगा." कानाला बरं लागलं. स्वयंपाकघरातून माझी बायको झुल्मीरा म्हणाली, "गव्हर्नरसाहेब, कुसकुस निवतोय."

ही वही मुद्दाम आजच उघडली. आमच्या राज्यात गव्हर्नरच्या निळ्या महालात आजवर दोनच घराण्यांनी आळीपाळीनं बिऱ्हाड केलंय. सध्या डॉक्टर एवाल्दो बसलेत, आणि त्यांना उठवून सिनेटर ओलेगारियोंना बसायचंय. तिसरा माणूस आत कसा शिरला हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते काम मी दुसऱ्यावर सोपवणार नाही. जिथं दुपारी डांबर चपलेला चिकटतं, अशा गावांत मी आठवडी बाजारात मोजे विकत मोठा झालो. उघड्या पायांनी हिंडणाऱ्या माणसाला मोजा विकता येतो, तर मत का मागता येणार नाही?

काल याद्या द्यायचा शेवटचा दिवस होता. कायद्यानं दहा उमेदवारांमागे तीन बायका लागतात, आणि आमच्या खासदारांच्या यादीत एक कमी. तिबुर्सियो घाम पुसत आला. तो माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे माझा कोम्पाद्रे, आणि आता प्रचारप्रमुख.

"कोम्पाद्रे, संध्याकाळपर्यंत एक बाई दे, नाहीतर अख्खी यादी बाद."

"घरात एक आहे," मी म्हटलं.

झुल्मीरा आमच्या मोज्यांच्या कारखान्यात विणायच्या मशीनची सुई बदलत होती. मी कागद पुढे केला. "सही कर. तुला काही करायचं नाही. नाव फक्त." तिनं चष्मा लावला, कागद पुढून वाचला, उलटून मागून वाचला.

"नाव फक्त," ती म्हणाली. "आणि निवडून आले तर?"

मी आणि तिबुर्सियो इतके हसलो की त्याला खुर्ची धरावी लागली. तीही हसली, पण जरा उशिरा.

तिला ६६६६ नंबर मिळाला. तो एका बड्या असामीसाठी राखलेला होता. असामी आयत्या वेळी एवाल्दोंच्या गोटात पळाली आणि नंबर पडून राहिला.

१८ ऑगस्ट

गाणं तयार झालं! गव्हर्नरच्या उमेदवाराला पक्षाचाच आकडा मिळतो, आणि आमचा आकडा ६६. बोलताना सहाला आम्ही 'मेया' म्हणतो, म्हणजे अर्धं डझन. मोज्यालाही मेयाच म्हणतो. मोजेवाल्या माणसाला मेया-मेया! वर कुणीतरी माझ्या बाजूचा बसलाय एवढं नक्की.

तिबुर्सियोनं अकॉर्डियनवाला आणला होता. त्यानं वाजवलं, "गव्हर्नर कोण? मेया-मेया!" मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, "बाबा, एकाच पायात मोजा घालून कोण हिंडतं? दुसरा पाय उघडा ठेवू नकोस." मग मीच जागेवर शब्द बसवले:

या पायात मेया-मेया, त्या पायात मेया-मेया,
जेस्वीनोच्या संगतीनं महालात जाऊ या!

तिसऱ्या फेरीला कारखान्यातल्या साठ बायका मशीन सोडून टाळ्या पिटायला लागल्या. फक्त झुल्मीरा बोटं मोजत होती.

"मेया चार झाल्या की रे."

"मग?"

"माणसाला पाय दोन. मेया चार कशाला?"

"गाणं आहे झुल्मीरा, माल नाही. मोजून घ्यायचं नसतं."

२७ ऑगस्ट

सांता ल्यूसियात पहिली मिरवणूक. आवाजाचा ट्रक पुढे, मागे आम्ही पायी. लोकांनी घरातले मोजे शोधून आणले. कुणाचे फुटबॉलचे, कुणाचे लग्नातले. हवेत फडकवत चालले. मोजे वाटायला वकिलाची सक्त मनाई आहे, मतदाराला साधी टोपीसुद्धा देता येत नाही. पण मी कुणाला काही दिलंच नाही, त्यांनीच आणले. इतकी वर्षं धंद्यात घालवली, गिऱ्हाईक स्वतःचा माल घेऊन दुकानात आलेलं आजच पाहिलं.

एवाल्दो रेडिओवर माझा उल्लेख 'आपले मोजेवाले मित्र' असा करतात. आवाज गोड, पण 'मित्र' म्हणायच्या आधी एकदा खाकरतात. घाबरलेत.

३ सप्टेंबर

मांगा ग्रांजीच्या चौकात मंडप टाकून लोकांना मत कसं द्यायचं ते शिकवलं. आमचं यंत्र पुठ्ठ्याचं. बटणं खऱ्यासारखी छापलेली, पडद्याच्या जागी करडा चौकोन. सगळ्यांत आधी दोना क्विटेरिया, म्हणजे क्विटेरियाबाई, आल्या, वय शहाऐंशी, खांदा हलवत आणि गाणं म्हणत. गाण्याच्या तालावर बोटानं दाबलं: मेया-मेया, मेया-मेया. मग हिरवं बटण.

"झालं ना, बाळा?"

"झालं, आई!" मी त्यांना मिठीच मारली. चार वेळा दाबलं, काय जीव लावतात लोक!

तर झुल्मीरा मागून म्हणते, "थांबा दोना क्विटेरिया, झालं नाही. पडदे पाच येतात. पहिला खासदाराचा, त्याला चार आकडे. मग आमदार, मग सिनेटर. जेस्वीनो चौथ्या पडद्यावर आहे. तिथं फक्त दोनदा दाबायचं, आणि फोटो बघितल्याशिवाय हिरवं दाबायचं नाही." शहाऐंशी वर्षांच्या बाईला! बिचारीचा नाच थांबला.

मी झुल्मीराला बाजूला घेतलं. "लोकांची शाळा घेऊ नकोस, उत्साह मोडतो. माझं नाव त्यांच्या ओठावर आहे ना, बोट आपोआप जाईल."

"बोट ओठाच्या मागेच जाणार," ती म्हणाली, "तीच तर काळजी आहे." आणि परत मंडपात जाऊन बायकांमध्ये बसली. संध्याकाळपर्यंत एकेकीला पाच-पाच पडदे समजावत होती. तिची तीच आवड. कारखान्यातही नवीन मुलीला गाठ मारायला शिकवायची असली की दिवस घालवते.

११ सप्टेंबर

उंबुझेरोच्या चढावर ट्रकचा धुरा तुटला. वरच्या तेरा वाड्यांतली सभा रद्द. मी म्हटलं, चला माघारी, डोंगरावर मतं ती किती! झुल्मीरा ऐकेना. कारखान्यातल्या कितीतरी मुलींची माहेरं तिथं आहेत म्हणे. दुधाच्या गाडीत पुढे बसून वर गेली, गाणं नाही, झेंडा नाही.

१३ सप्टेंबर

झुल्मीरा परतली. केसांत लाल धूळ. हातात कागदाचा गठ्ठा: कुणाची पाण्याची टाकी फुटलीय, टँकर कुठपर्यंत येतो, कुठून पुढे बायकांना डोक्यावर आणावं लागतं.

"मला मत देणार किती जण?" मी विचारलं.

"ते विचारलंच नाही."

"मग दोन दिवस केलंस काय?"

"ऐकलं."

मी हसलो. ऐकण्याचं काम या घरात माझं आहे.

१७ सप्टेंबर

पाहणी आली: एवाल्दो चौतीस टक्के, ओलेगारियो सत्तावीस, मी चोवीस. पहिल्या फेरीत कुणालाच निम्मी मतं मिळत नसली की पहिले दोघं महिनाअखेरीस पुन्हा लढतात. म्हणजे मला निदान दुसरा यायला हवं. तिसरा म्हणजे घरी.

खरं लिहायचं तर आज जेवण गेलं नाही. रस्त्यात बघावं तर प्रत्येक तोंडात माझं गाणं, आणि कागदावर मी तिसरा. हिशेब जुळत नाही. तिबुर्सियो म्हणतो, पाहणीवाले फोनवर विचारतात आणि आपली माणसं फोन उचलत नाहीत. असेलही. वडील त्या महालाच्या मागच्या दारानं बर्फाच्या लाद्या पोचवायचे, पुढचं दार त्यांनी कधी पाहिलं नाही. मला ते पाहायचंय. आतून.

दुपारी ट्रक वाढवायला सांगितले. तीनाचे आठ. गाणं सकाळी आठपासून.

२४ सप्टेंबर

आता मात्र कान खोटं बोलत नाहीत. धरणाच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका माझं गाणं म्हणत होत्या, प्रत्येक 'मेया'ला एक आपट. बाजारात बकरी कापणारा सेव्हेरो सुरा त्याच तालात चालवतो. एवाल्दोंचा ड्रायव्हर गाडी पुसताना तेच शिट्टीवर वाजवत होता, मला पाहून गप्प बसला!

सेव्हेरोनं रक्ताळलेला हात एप्रनला पुसून माझ्या हातात दिला आणि नावाआधी मानाचं 'सेऊ' लावून म्हणाला, "सेऊ जेस्वीनो, तुम्ही निर्धास्त राहा. पहिल्याच पडद्यावर तुम्हाला देऊन मोकळा होणार. बाकीचे गेले उडत."

"तुझ्यासारखे हजार असले ना सेव्हेरो..."

"हजार? अहो, सगळा बाजार असंच म्हणतोय."

नवी पाहणी: मी अठ्ठावीस. जेवण उत्तम.

२९ सप्टेंबर

राजधानीत शेवटची मोठी सभा. मैदानभर मोजे. मी भाषण चार मिनिटांत आटोपलं आणि गाणं अकरा वेळा वाजवलं. झुल्मीरानं व्यासपीठावर चढायला नकार दिला. गर्दीत हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटत फिरली: पहिला पडदा, चौथा पडदा. चिठ्ठी मतदानाला नेता येते म्हणून. तिबुर्सियो कुरकुरला, "दोना झुल्मीरा स्वतःचाही नंबर लिहितात हं." मी म्हटलं, लिहू दे रे, बाईमाणसाची हौस.

१ ऑक्टोबर

शर्टाला इस्त्री झाली. दुसरं काही करायला उरलं नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

मतदान. शाळेच्या व्हरांड्यात रांग. माझ्यापुढे सेव्हेरोची बायको. ती यंत्रासमोर गेली आणि मी दारात उभा. आतलं दिसत नाही, पण बटणाची टिकटिक ऐकू येते, आणि माझ्या कानाला तेवढं पुरतं. चार टिक, सावकाश, अगदी गाण्याच्या लयीत. मग हिरवं. त्यानंतर भराभर: एक टिक आणि हिरवं, एक टिक आणि हिरवं, चार वेळा. म्हणजे पांढरं बटण, कोरं मत. मला भरून आलं. माझं मत देऊन झाल्यावर तिनं बाकी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. निष्ठा म्हणतात ती ही.

मी आत गेलो. पहिल्या पडद्यावर ६६६६ दाबलं, नवऱ्याचं कर्तव्य. झुल्मीराचा फोटो आला. बरा आलाय. खाली नाव: झुल्मीरा मोजेवाली. चौथ्या पडद्यावर स्वतःचं तोंड पाहिलं आणि हिरवं बटण जरा जास्तच वेळ दाबून धरलं.

पाचला मतदान संपतं. आता साडेचार. अंगणात खुर्च्या मांडल्यात, डुकराचं मांस भाजायला टाकलंय, अकॉर्डियनवाला येऊन बसलाय. पुढचं उद्या लिहीन, गव्हर्नर म्हणून, किंवा निदान दुसऱ्या फेरीचा माणूस म्हणून.

३ ऑक्टोबर

एवाल्दो छत्तीस. ओलेगारियो तीस पूर्णांक नऊ. मी तीस पूर्णांक तीन. अकरा हजार चारशे बारा मतांनी तिसरा.

झुल्मीरा बातिंगा: एक लाख सत्तावीस हजार तीनशे सहा. राज्यातल्या सगळ्या खासदारांत पहिली.

गव्हर्नरच्या पडद्यावर कोरी मतं यंदा लाखभर जास्त पडली, असं टीव्हीवर एक माणूस सांगत होता. "अभ्यासकांना याचं कारण उमगत नाही." मला उमगलं, पण काल अंगणात कुणाला सांगितलं नाही. तिबुर्सियो अकॉर्डियनच्या पेटीवर बसून रडत होता.

सकाळी दोना क्विटेरिया कसाव्याचा केक घेऊन आल्या. "अभिनंदन, बाळा! गव्हर्नर झालास ना?"

"नाही, आई."

"असं कसं? मी दिलं की. मेया-मेया, मेया-मेया. तुझी बायको दिसली पडद्यावर. म्हटलं, घरचीच आहे, फोटो बदलला असेल. तू तसाही फोटोत बरा येत नाहीस."

मी केक खाल्ला. काय करणार? गाणं माझं, दुसरा पाय मीच घातलेला.

झुल्मीरा दाराशी उभी राहून ऐकत होती. क्विटेरिया गेल्यावर म्हणाली, "मला वाईट वाटतंय, जेस्वीनो. खरंच."

"तुला एक लाख सत्तावीस हजार मतं चुकून पडली," मी म्हटलं.

ती कारखान्यात गेली.

५ ऑक्टोबर

दोन दिवस केंद्राकेंद्राचे आकडे घेऊन बसलोय. जिथं आठही ट्रक फिरले, तिथं झुल्मीरा भरभरून आणि मी पडलेला. मांगा ग्रांजी, सांता ल्यूसिया, राजधानीचा बाजार, सगळीकडे तेच. मग उंबुझेरोचा डोंगर काढला. तेरा वाड्या. तिथं ट्रक पोचलाच नाही, गाणं कुणी ऐकलंच नाही. तिथं तिला सोळाशे चाळीस, मला सोळाशे दोन. एवाल्दोंना ऐंशी. कोरी मतं सात.

तिबुर्सियोला दाखवलं. तो म्हणाला, "डोंगरावरची माणसं मुळातच हुशार, कोम्पाद्रे."

मीही तसंच म्हणालो. मग कागद पुन्हा उचलला. तिथं चुकायला गाणंच नव्हतं. मग ही सोळाशे चाळीस मतं कसली?

दुपारी झुल्मीराला म्हटलं, "परवा मी म्हणालो ना, चुकून पडली म्हणून. सगळी नाही."

"किती?"

"ते अजून मोजतोय."

"मोजून घ्यायचं नसतं म्हणालास," ती म्हणाली, आणि खूप दिवसांनी आम्ही दोघं एकाच वेळी हसलो.

८ ऑक्टोबर, शनिवार

वाटच पाहत होतो. दुसऱ्या फेरीत माझी तीस टक्के मतं ज्याच्या पारड्यात, महाल त्याचा. पांढरा शर्ट घातला, ओसरीवर खुर्ची ओढून बसलो. दहा वाजता सिनेटर ओलेगारियोंचा मेहुणा आला, सोबत एक वकील. मी उठून हात पुढे केला. मेहुण्यानं तो मनापासून हलवला, माझी, कारखान्याची, गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाला,

"दोना झुल्मीरा आहेत ना घरी?"

ती आली, हात पुसत. मी म्हटलं, कॉफी मी टाकतो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा टाकली. भिंत पातळ आहे, आणि पातळ नसती तरी मला ऐकू आलं असतं.

मेहुणा गोड बोलतो. बाईंचा केवढा मान, बाईंची केवढी मतं. बाई एका व्यासपीठावर उभ्या राहिल्या, एवढंच. आणि अर्थातच सेऊ जेस्वीनोंना विसरणार नाही, उद्योगखातं त्यांच्यासाठीच ठेवलंय. महालातच कचेरी, पुढच्या अंगाला.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पुढच्या अंगाला!

"उंबुझेरोला पाणी?" झुल्मीरानं विचारलं.

"तेही बघू, बघू की."

"कधी?"

"सरकार आलं की योजना..."

"नवऱ्याला विचारून येते," ती म्हणाली. खुर्ची सरकली.

ती आत आली तेव्हा मी ताठ उभा होतो. होय म्हणायला तोंड उघडलंच होतं. तिनं बोट ओठावर ठेवलं. ग्लासभर पाणी प्यायली, सावकाश. कॉफीत साखर कमी आहे का ते चाखून पाहिलं. घड्याळाकडे बघत उभी राहिली, मग बाहेर गेली.

"विचारलं," मी ऐकलं. "नाही म्हणतो. त्याला खातंबितं काही नको. म्हणतो, तेरा वाड्यांची पाइपलाइन लेखी द्या, सिनेटरसाहेबांच्या सहीनं, आणि मतदानाच्या आधी."

मी काहीच म्हणालो नव्हतो! वहीत लिहून ठेवतो, मी एक अक्षर बोललो नव्हतो.

बाहेर कुजबुज. वकील म्हणाला, सही अवघड आहे. मेहुणा म्हणाला, पण खात्याला दोन गाड्याही आहेत, एक चालकासह. झुल्मीरा म्हणाली, "थांबा, पुन्हा विचारते. हट्टी आहे जरा."

ती पुन्हा दारात आली. या वेळी तिनं बोट ओठावर ठेवलं नाही. नुसती बघत राहिली, आणि मला कळलं की आता खरोखरच विचारतेय. महाल, पुढचं अंग, कचेरी, सगळं माझ्यासमोर होतं. ओसरीवर मेहुण्याच्या बुटाची टकटक ऐकू येत होती, घाईतल्या माणसाची.

मी मान हलवली. नाही.

तिनं माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं, गॅसवर ठेवलं आणि बाहेर गेली.

"अजून नाहीच म्हणतोय," ती त्यांना म्हणाली.

बुटाची टकटक थांबली. मग वकिलानं पेन मागितलं.